अर्धवट जळलेला पाइप

दांडीवाले काकांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते वापरत नसत. पाइपची तुटलेली दांडी बसवून देणारा माणूस, म्हणून दांडीवाले. एकतीस वर्षांत त्यांनी दुकानाला एकदाही दांडी मारली नव्हती, त्यामुळे या नावावरून रोज कुणी ना कुणी त्यांची फिरकी घ्यायचं आणि काकाही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

दुकान इतकं अरुंद की मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकत. पुढे काचेचं कपाट, त्यामागे कामाचं टेबल, टेबलाला जोडलेलं पायानं फिरवायचं छोटं लेथ, चार आकारांच्या कानशी, मेणाची वडी, स्पिरिटची बाटली आणि तारेला कापूस गुंडाळून केलेल्या साफसफाईच्या काड्यांचा जुडगा. मागे दोन खोल्या, तिथे काका आणि काकू राहत. दुकान मुळात सासऱ्यांचं. काका बाविसाव्या वर्षी त्यांच्याकडे काम शिकायला आले आणि कसब, दुकान आणि बायको तिन्ही एकाच घरातून मिळवून बसले. काकू म्हणायच्या, तिन्हींतलं कसब तेवढं यांनी नीट सांभाळलं.

गल्लीचं एक टोक मोठ्या रस्त्याला आणि दुसरं चुनखडीच्या खाणीच्या फाटकाला. गिऱ्हाईक बेताचंच, पण बांधलेलं. खाणीतले दोन-तीन कारकून, बसचे ड्रायव्हर, निवृत्त मास्तर, आणि एक घशाचे डॉक्टर, जे अख्ख्या गावाला तंबाखू सोडायला सांगत आणि स्वतःचा पाइप मागच्या दारानं दुरुस्तीला पाठवत. काकांनी स्वतः खोकल्यापायी बारा वर्षांपूर्वी ओढणं सोडलं होतं. रिकामा पाइप मात्र दातांत धरून बसायचे. त्याशिवाय हात चालत नाहीत म्हणायचे.

त्या वर्षी टेबलावर ठेवलेले पाइप घरंगळायला लागले. टेबलाचा पाय झिजला असेल म्हणून काकांनी खाली पुठ्ठ्याची घडी सारली. महिन्याभरात दुसरी सारावी लागली. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, हे काकांना शिकवायला कुणी नको होतं. पण मागचं दार भर उन्हाळ्यात खाली घासायला लागलं. सुतारानं येऊन रंधा मारला. पंधरा दिवसांत दार पुन्हा अडलं. दुसऱ्या खेपेला सुतारानं दाराला हात न लावता चौकटीला ओळंबा लावला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की दाराचा दोष नाही, घरच कलतंय. मजुरी न घेताच गेला. काकूंना ते जास्त लागलं.

अशा दिवसांत नवे साहेब दुकानात आले.

ते खाण कंपनीचे सुरक्षा तपासनीस. खालच्या बोगद्यांची छतं, लाकडी टेकू, हवा, सगळं नजरेखाली घालायचं हे त्यांचं काम. वय अठ्ठावीस, चेहरा त्याहून लहान. नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. त्यांनी खिशातून पाइप काढला, काचेवर ठेवला आणि जरा लाजतच जीभ बाहेर काढून दाखवली. जिभेचं टोक लालभडक झालं होतं.

"काका, हे असं का होतं? चार दिवस चहासुद्धा पिता येत नाही मला. लोक तर म्हणतात पाइपनं डोकं शांत होतं."

काकांनी विचारलं की पाइपच कशाला हवा होता. साहेब म्हणाले, खाणीतले जुने लोक मला पोरगा समजतात. हातात पाइप असला की माणूस बोलण्याआधी थांबतो, आणि थांबणाऱ्याचं लोक ऐकतात, असं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. काका हसले. हसत हसतच त्यांनी पाइप उचलला आणि त्यांचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

तो पाइप त्यांच्या हातचा होता. दांडी त्यांनीच कातलेली. दातांत धरायच्या तोटीच्या डाव्या अंगाला त्यांनी स्वतः एक खाच घातली होती, कारण ज्याचा हा पाइप होता त्याची डावीकडची दाढ पडलेली होती आणि पाइप घसरायचा. तो माणूस म्हणजे आधीचे तपासनीस. जुने साहेब. सहा वर्षं दर गुरुवारी ते दुकानात येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत, अर्धा तास ओढत आणि चार वाक्यं बोलून जात. चार महिन्यांपूर्वी ते येईनासे झाले. खाणीतून कळलं की त्यांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली, निघून गेले.

"कुठे मिळाला?" काकांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

ऑफिसातल्या टेबलाच्या खणात, अगदी मागे सरकलेला. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, आधीचे साहेब विसरून गेले असतील, तुम्हीच वापरा. मग साहेबांनी तंबाखूचा डबा आणला, पाइप भरला आणि पेटवला.

काकांनी टोकदार सळईनं पाइपची वाटी कागदावर रिकामी केली. वर साहेबांनी कोंबलेली ओलसर तंबाखू होती, ती गोळा होऊन निघाली. तिच्याखाली राखेचा थर. आणि राखेच्या खाली, तळाशी, न जळलेली काळपट तंबाखू. जाड पापुद्रे दुमडून भरलेले. असं दुमडून भरणारा गावात एकच माणूस होता.

काकांनी तो कागद हळूच मुठीत चुरगळला. नव्या साहेबांना त्यात कचऱ्यापलीकडे काही दिसलं नाही. काकांना मात्र एखादं पत्र वाचावं तसं सगळं वाचता आलं. जुने साहेब पाइप शेवटच्या कणापर्यंत ओढत, गार होऊ देत, पुसत, आणि मगच ठेवत. सहा वर्षांत यात फरक पडला नव्हता. पाइप अर्धवट ठेवून माणूस उठतो तो दहा मिनिटांत परत यायचं असेल तेव्हा. गाव सोडून जाणारा माणूस अर्धा जळलेला पाइप खणात ठेवून जात नाही. आणि खाणीत उतरताना काडीपेटी, पाइप, विडी सगळं वरच ठेवावं लागतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पण तोंडानं काका एवढंच म्हणाले, "साहेब, दोष पाइपचा नाही. तुम्ही वाफ ओढताय."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आपण का शिकवतोय हे त्यांना तेव्हा धड सांगता आलं नसतं. निम्मं सवयीनं, आणि निम्मं यासाठी, की बोलायचं टाळायला हातांना काहीतरी हवं होतं.

पहिल्या दिवशी तंबाखू सुकवणं. डब्यातली तंबाखू ओली असते, पेटली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि जीभ भाजते ती त्या वाफेनं. कागदावर पसरायची, तासभर तशीच ठेवायची. चिमटीत दाबली की बोटाला चिकटता कामा नये आणि चुराही होता कामा नये. दुसऱ्या खेपेला भरणं. तळाला सैल, नुसती सोडायची. वर थोडा दाब, सगळ्यात वर जरा जास्त. न पेटवता ओढून बघायचं. नळीतून पाणी ओढताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. तिसऱ्या खेपेला पेटवणं. पहिली काडी वाया घालवायची, वरची तंबाखू फुगून वर येते, ती ठासणीनं अलगद बसवायची, मग दुसरी काडी. पेट्रोलचा लायटर बंद.

साहेब शिकायला तयार होते, पण त्यांना घाई फार. पाइप भात्यासारखा ओढायचे. दुकान धुरानं भरून जायचं, काकू आतून खोकत पदर नाकाला लावून बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, अहो, खाण बंद करून इथेच इंजिन बसवलंय का यांनी. काका साहेबांना पाइप गालाला लावायला सांगायचे. गालाला सोसवत नसेल तर खाली ठेवा. विझला तर विझू द्या. विझण्याची लाज बाळगणारा माणूस जीभ भाजून घेतो. नुसता श्वास घेताना जेवढा धूर आपसूक येईल तेवढाच. आणि एकदा ओढलेल्या पाइपला दिवसभर विश्रांती, आत काडी फिरवून.

तीन आठवडे असे गेले. साहेब एक दिवसाआड येत. आणि प्रत्येक वेळी पाइप हातात घेताना काकांच्या जिभेवर तेच वाक्य यायचं आणि तिथेच बसायचं. गल्लीतलं निम्मं घरभाडं कंपनीच्या पगारातून जात होतं. काकूंचा धाकटा भाऊ खाणीत मुकादम होता. आणि पुरावा काय, तर चिमूटभर तंबाखू. तीही काकांनी जपून डबीत ठेवली होती आणि डबी कानशींच्या खणात, जणू चोरीचा माल.

एका रविवारी मेहुणा जेवायला आला. हा माणूस एरवी बडबड्या. पण गेले काही महिने आला की ताटात बघून जेवायचा. काकांनी पाण्याचा तांब्या पुढे करताना विचारलं, जुने साहेब नेमके कुठल्या गावी गेले रे, काही कळलं का.

मेहुण्याचा घास हातात थांबला. "दाजी," तो म्हणाला, "तुम्ही पाइप दुरुस्त करा. बाकीचं दुरुस्त करायला जाऊ नका."

त्यानंतर तो भात अर्धा टाकून उठला. काकूंनी भावाला लहानपणापासून ताटात अन्न टाकू दिलं नव्हतं. ते ताट त्यांनी बराच वेळ उचललं नाही. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत आहे?"

काकांनी सांगितलं. सगळं. डबी उघडून दाखवली. काकूंनी ती नाकाशी नेली आणि झाकण लावलं. "आणि हे तुम्ही त्या पोराला अजून सांगितलं नाहीत," एवढंच म्हणून त्या भांडी घासायला गेल्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

काकांनी ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचं. पुढच्या खेपेला दुकानात बसचे दोन ड्रायव्हर होते. त्याच्या पुढच्या खेपेला साहेबांचा मूड इतका छान होता की काकांचा धीर झाला नाही. माणसाला गप्प बसायला कारणं कमी पडत नाहीत.

मग एका बुधवारी सकाळी, दहाच्या सुमाराला, साहेब जवळजवळ धावतच आले. चेहरा फुललेला.

"काका, जमलं. काल ऑफिसात बसून अख्खा पाइप ओढला. पाऊण तास. शेवटपर्यंत गार. जीभ बघा, काही नाही."

काकांना मनापासून आनंद झाला. तीन आठवड्यांची मेहनत होती. त्यांनी साहेबांना स्टुलावर बसवलं. आणि साहेब पुढे सांगत गेले तसतसा तो आनंद ओसरत गेला.

आधी साहेब ओढायचे तेव्हा खोलीत नुसता ढग व्हायचा. काल पहिल्यांदाच धुराची एक बारीक रेघ निघाली, दोऱ्यासारखी. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. साहेब टेबलावर कोपरं टेकून त्या दोऱ्याकडे बघत बसले. दोरा वर जायला हवा होता. तो थोडा वर गेला, मग वाकला आणि भिंतीकडच्या लोखंडी कपाटाच्या दिशेनं खाली उतरायला लागला. साहेबांना गंमत वाटली. ते पाइप घेऊन कपाटाजवळ गेले, तर धूर सरळ कपाटाच्या मागे, जमिनीलगत शिरत होता. त्यांनी कपाट सरकवलं. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट होती आणि ती फट धूर पीत होती. शेवटच्या कणापर्यंत.

"म्हणजे खाली पोकळी आहे," साहेब म्हणाले. "नकाशाप्रमाणे आमचे सगळे बोगदे फाटकापासून पलीकडे, डोंगराकडे जातात. ऑफिसखाली काही नाही. या गल्लीखाली तर नाहीच नाही. पण हवा काही नकाशा बघून वाहत नाही."

काकांच्या समोर, टेबलावर, एक पाइप सावकाश घरंगळला आणि कडेच्या पट्टीला लागून थांबला. दोघांनीही तो पाहिला.

"हे कुणाला सांगितलं?" काकांनी विचारलं.

मॅनेजरना. आजच सकाळी. मॅनेजर चिडले वगैरे नाहीत. उलट म्हणाले, चांगलं हेरलंत, असंच पाहिजे. उगाच गवगवा नको, लोक घाबरतील. दुपारी आपण दोघंच खाली उतरू, तुम्हाला ती जागा दाखवतो.

"दोघंच?"

"हो. दोन वाजता."

काका उठले. त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं. एकतीस वर्षांत सकाळी दहाला ते दार बंद झालं नव्हतं, पण त्या वेळी त्यांच्या ते मनातही आलं नाही. कानशींचा खण ओढून त्यांनी डबी काढली आणि साहेबांच्या हातात दिली. मग तीन आठवडे गिळलेलं सगळं सांगून टाकलं. खाच, दाढ, दुमडलेले पापुद्रे, राखेखाली राहिलेली तंबाखू.

"ते परत येणार होते, साहेब. पाइप ठेवून उठले ते परत येऊन ओढायला. त्यांना कुणीतरी असंच बोलावलं असेल. दहा मिनिटं चला, दाखवतो म्हणून."

साहेबांनी डबी उघडून पाहिली. फुललेला चेहरा उतरला होता आणि आता तो अठ्ठावीस वर्षांचा वाटत नव्हता, चाळिशीचा वाटत होता. ते म्हणाले, "तीन आठवडे तुम्ही मला तंबाखू सुकवायला शिकवत होतात."



काकू मधल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चपला घातलेल्या होत्या. "तुम्ही दोघं हलू नका इथून," त्या म्हणाल्या आणि मागच्या घासणाऱ्या दाराला खांदा लावून बाहेर पडल्या. अर्ध्या तासानं आल्या त्या भावाला घेऊन. त्याची पाळी दुपारची होती, तो घरीच होता. काकूंनी त्याला स्टुलावर बसवलं, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांग."

मुकादमानं बहिणीकडे पाहिलं, मग फरशीकडे. आणि बोलायला लागला. दोन वर्षांपासून रात्रपाळीची ठरावीक माणसं फाटकाच्या अलीकडे, गल्लीच्या दिशेनं खोदत होती. इकडचा दगड चांगला होता आणि फार आत जावं लागत नव्हतं. नकाशावर तो बोगदा नव्हता. टेकू निम्मेच लावले होते. जवळजवळ पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी मॅनेजर स्वतः त्याच्याकडे आले आणि त्या बोगद्याचं तोंड भिंत बांधून बंद करायला सांगितलं. आत छत पडलंय, हवा खराब आहे, कुणी जाऊ नये म्हणून. त्यानं दोन माणसं घेतली आणि दिवसभरात भिंत उभी केली. जुने साहेब आदल्या दिवसापासून दिसले नव्हते. त्यानं विचारलं नाही.

"आत कुणी आहे का बघितलंस?" काकूंनी विचारलं.

"दगड धुण्याचं यंत्र चालू होतं, ताई. काही ऐकू येत नव्हतं."

ऐकू येण्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

साहेब दोन वाजता खाली उतरले नाहीत. साडेअकराच्या बसनं ते, मुकादम आणि काका तिघं शहरातल्या सरकारी खाण कार्यालयात गेले. काकू दुकानात बसून राहिल्या. सव्वादोनला कंपनीचा शिपाई साहेबांना शोधत आला. काकूंनी त्याला सांगितलं की त्यांची जीभ फार भाजलीय, डॉक्टरकडे गेलेत. तीनला स्वतः मॅनेजर आले. उंच, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, काचेवरचा एक पाइप उचलून पाहिला आणि काका कुठे आहेत ते विचारलं. काकूंनी सांगितलं, डॉक्टरकडेच, सोबत म्हणून. मॅनेजर म्हणाले, "एवढी जीभ भाजून घ्यायची काय गरज होती." पाइप जागेवर ठेवून गेले. काकूंनी नंतर सांगितलं की ते वाक्य बोलताना ते हसत होते.

कार्यालयात आधी कुणी ऐकून घेईना. तिघांना एका बाकावर दीड तास बसवून ठेवलं. मग एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं साहेबांनी कागदावर काढलेली आकृती पाहिली, मुकादमाला भिंतीची जाडी विचारली आणि फोन उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी गाड्या गल्लीतून फाटकाकडे गेल्या. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत गल्ली रिकामी करायचा हुकूम निघाला. लोकांनी काकांना शिव्या घातल्या. एकाच्या धुरापायी सगळ्यांचे संसार रस्त्यावर, असं बोलले. काका खालमानेनं लेथ सोडवत होते.

भिंत फोडायला तीन दिवस लागले. बोगद्यात छत पडलं होतं हे खरं होतं. पण जुने साहेब पडलेल्या दगडांखाली नव्हते. ते अलीकडे होते, भिंतीच्या पायथ्याशी. एक पाय गुडघ्याखाली मोडलेला. शेजारी दिवा आणि हातभर लांबीचा दगड. त्या दगडानं भिंतीच्या खालच्या थरावर आतून किती वेळा मारलं असेल, ते खुणांवरून मोजता आलं असतं. कुणी मोजलं नाही.

मॅनेजर त्याआधीच पकडले गेले होते. त्यांनी सांगितलं की छत पडलं, त्यांना वाटलं साहेब मेले, घाबरून ते एकटेच वर आले. खाण बंद पडली असती, चारशे माणसं बेकार झाली असती. भिंत बांधायचं त्यांना दुसऱ्या दिवशी सुचलं. आत हाक मारून बघितली का, या प्रश्नाला त्यांनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. मुकादमाला शिक्षा झाली नाही, तो माहिती देणारा ठरला. पण त्यानं पुन्हा कधी कुठे थापी हातात धरली नाही, आणि कुठेही यंत्र सुरू झालं की तो उठून बाहेर जातो.

गल्ली रिकामी होऊन सात आठवडे झाले असताना एका सकाळी अकरा वाजता दुकान, त्यामागच्या दोन खोल्या आणि शेजारची दोन घरं खाली गेली. आवाज फार झाला नाही म्हणतात. धूळ मात्र दुपारपर्यंत बसली नाही. माणूस एकही दगावला नाही. शिव्या देणारे त्यानंतर काकांना रस्त्यात भेटले की थांबायचे, पण काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही.

चौकशी समितीपुढे काकांची साक्ष झाली. मोठी खोली, लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले. वकिलानं त्यांना विचारलं की संशय पहिल्यांदा कधी आला. तो पाइप हातात आला तेव्हा, असं उत्तर सगळ्यांना अपेक्षित होतं; नव्या साहेबांनीही लेखी जबाबात तसंच लिहून दिलं होतं. काका म्हणाले की नाही, त्याच्या चार महिने आधी. जुन्या साहेबांनी नवी तोटी करायला टाकली होती, ती त्यांनी करून ठेवली होती, आणि साहेब ती न्यायला आले नाहीत. त्याच गुरुवारी वाटलं होतं की काहीतरी चुकतंय. भिंत उभी राहून तेव्हा दोन दिवस झाले होते. फाटक दुकानापासून दोनशे पावलांवर होतं. ते गेले नाहीत.

वकील म्हणाला, हे सांगायची गरज नव्हती. काका म्हणाले, तुम्ही विचारलंत.

आता काका-काकू मुलीकडे राहतात, दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याखालच्या जागेत काकांनी लेथ मांडलं आहे. नवे साहेब आता सरकारी खाण कार्यालयात आहेत. महिन्यातून एकदा येतात. त्यांनी पाइप सोडला. येतात, बसतात, चहा पितात, खाणींबद्दल बोलतात. त्या तीन आठवड्यांबद्दल दोघंही बोलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात जुन्या साहेबांची बहीण आली. साठीच्या पुढची, किरकोळ बाई, हातात कापडी पिशवी. भाऊ बेपत्ता असताना तिनं कंपनीला सहा पत्रं लिहिली होती आणि सहाही वेळा तुमचे बंधू खुशाल आहेत असं टाइप केलेलं उत्तर आलं होतं. काकूंनी तिला पाणी दिलं. तिनं भावाबद्दल बारीकसारीक विचारलं. कुठे बसायचा, काय बोलायचा, हसायचा का. काकांनी जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. हसायचे, पण उशिरा. विनोद झाल्यावर जरा वेळानं.

ते ऐकून तिनं मान हलवली. हो, लहानपणापासून तसाच.

मग ती म्हणाली, "मी चौकशीचा अहवाल वाचलाय. तुमची साक्षही. तुम्हाला पहिल्याच गुरुवारी वाटलं होतं ना?"

"हो," काका म्हणाले.

तिनं पेला खाली ठेवला. आणखी काहीतरी विचारायचं होतं, तिचे ओठ हललेही, पण तिनं विचारलं नाही. चारची बस होती. काकूंनी चपला घातल्या आणि तिची पिशवी घेऊन तिला थांब्यापर्यंत सोडायला गेल्या. काका दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. जिना उतरताना दोघी बायका काही बोलत होत्या, पण ते त्यांना ऐकू आलं नाही.